‘बायकोची गाठ’ आणि माझी इतर मिळकत

मी, शेवटी सही करणारी बाई, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वीचा धंदा गळाला लावायच्या लाकडी मासोळ्या घडवणे, त्यानंतर चष्म्याच्या दुकानात नोकरी, सध्या कोणाचेही काहीही करत नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत आले आणि म्हटले, आता तुम्ही करून दाखवा. त्यांनी दाखल्यावर सही केली. मला कोणी भरीस पाडलेले नाही. तेवढा वेळ माझ्यासाठी कोणाकडेच नाही. यजमान हयात असताना मी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात सगळे त्यांच्या नावे लिहिले होते. ते रद्द समजावे. ते लिहिणारी बाई भाबडी होती.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात कारणे लिहायची नसतात, फक्त कोणाला काय ते लिहायचे. त्यांच्या आईचे मृत्युपत्र त्यांनी तसे लिहावे. माझ्यात कारणे असतील.

कलम पहिले. तळ्याकडे तोंड असलेले माझे राहते घर, तीन खोल्या, मागचे कामाचे शेड आणि गळका नळ धरून, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. मात्र उत्तरेकडची खोली आणि स्वयंपाकघर वापरण्याचा हक्क माझ्या धाकट्या जाऊबाईंना त्या जिवंत असेपर्यंत राहील. ‘काकू, तुमचं आता वय झालं, तुम्हाला कुठेतरी नीट सोय बघूया,’ असे गोड बोलून मुलीने त्यांना काढू नये. मुलीचे गोड बोलणे मी ओळखते. ते तिने तिच्या वडिलांकडून घेतले आहे.

मुलगी वर्षातून दोनदा येते. येताना प्लॅस्टिकच्या आमिषांचा डबा आणते, चाळीस खणांचा, आणि प्रत्येक आमिष ती स्नॅपने लावते. वकीलसाहेबांना स्नॅप म्हणजे काय ते माहीत नव्हते, तेव्हा इथे लिहून ठेवते. स्नॅप ही तारेची छोटी कडी, सेफ्टी पिनेसारखी उघडमीट होणारी. ती दोऱ्याच्या टोकाला असते. आमिष तिच्यात अडकवायचे, टिचकी मारून बंद करायचे, कंटाळा आला की काढून दुसरे अडकवायचे. याउलट गाठ म्हणजे दोरा थेट आमिषाच्या नाकातल्या कडीत ओवून बांधणे. मी आयुष्यभर गाठ मारली.

‘आई, मला अर्ध्या मिनिटात आमिष बदलता येतं,’ मुलगी म्हणते.

‘आणि मासा किती मिनिटांत येतो?’

‘तू मुद्दा सोडून बोलतेस.’

मी मुद्द्यालाच धरून बोलते. अर्ध्या मिनिटात आमिष बदलता येते म्हणून ही माणसे दिवसभर आमिषेच बदलत बसतात. बोटभर लाकडी मासोळीच्या नाकावर तारेचा तुकडा लटकवला की ती पोहत नाही, नाकाला चिमटा लावल्यासारखी मान खाली घालून चालते. त्यावर ही मंडळी म्हणतात की गाठीने मासोळी आखडते. गाठोडे बांधल्यासारखी गाठ मारली तर आखडेलच. मी बटणाच्या भोकाएवढा फास मोकळा ठेवते, त्यात ती डुलते. पाच वेढे घ्यायचे, थुंकी लावायची, सावकाश आवळायचे. थुंकीशिवाय आवळला तर नायलॉन स्वतःच्याच घर्षणाने जळतो. हे मी ज्यांना शिकवले त्यांपैकी निम्म्यांना थुंकीची लाज वाटायची. माशाच्या आतड्यात हात घालताना वाटायची नाही.

आणि सगळ्यात मोठा विनोद असा की स्नॅप वापरणाऱ्यालाही तो स्नॅप दोऱ्याला बांधायला एक गाठ मारावीच लागते. हे मी इथल्या गळवाल्यांच्या मंडळाच्या एका सभेत विचारले होते, तेव्हा सगळ्यांना एकदम खोकला झाला.

कलम दुसरे. शेडमधली हत्यारे, म्हणजे तीन कोरणी, लहान करवत, पकडी, रंगाचे ब्रश आणि माझ्या वडिलांचा चाकू, शाळेच्या सुतारकामाच्या बाईंना द्यावीत. त्या एकदा आल्या होत्या, चाकूला धार कशी लावता म्हणून विचारले, आणि मी सांगत असताना मध्ये बोलल्या नाहीत. एवढ्यावर मी हत्यारे देते आहे. यावरून बाकीच्यांनी काय तो बोध घ्यावा.

यजमानांनी जिंकलेले सात कप भंगारात घालावेत. मुलीला हवे असल्यास तिने न्यावेत, पण माझ्या फोटोशेजारी मांडू नयेत.

कलम तिसरे. हे लांबणार आहे.

रस्त्यापासून पाण्यापर्यंतची, बारा पावले रुंद अशी तळ्याकाठची जमिनीची पट्टी मला माझ्या वडिलांकडून आली. इथल्या हौशी गळवाल्यांचे मंडळ गेली चाळीस वर्षे याच पट्टीवरून होड्या पाण्यात नेते. दुसरीकडून उतरायला जागा नाही, सगळा खडक आहे. ही पट्टी मी मंडळाला देते, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांच्या आत मंडळाने आपल्या इतिवृत्ताच्या वहीतले एक वाक्य दुरुस्त करावे. ते वाक्य एकतीस वर्षांपूर्वीच्या वार्षिक स्पर्धेच्या नोंदीत आहे आणि असे आहे: ‘तिसऱ्या होडीतील सभासदांचा मासा त्यांच्या पत्नीने बांधलेली गाठ सुटल्याने गेला. (हशा.)’

कंसातला हशासुद्धा वहीत आहे. चिटणीसाने तो शाईने लिहिला आहे.

अट पाळली गेली नाही तर ही पट्टी शेजारच्या बदकवाल्या बाईंना द्यावी आणि त्यांनी तिथे मावतील तेवढी बदके ठेवावीत.

आता कारण. त्या स्पर्धेत तिसऱ्या होडीत दोघे होते. माझे यजमान काठी धरून, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, हातजाळे घेऊन. भाऊजींचे बाजारात गळसामानाचे दुकान. माझ्या मासोळ्या तिथेच काउंटरमागच्या पुठ्ठ्यावर टांगलेल्या असत, आठवड्याला तीस, प्रत्येकीला हातभर दोरा मी बांधलेला. गिऱ्हाईक आत येऊन ‘वहिनींची द्या’ म्हणत असे. दुसरे काही म्हणायची गरज पडत नव्हती.

आदल्या संध्याकाळी मी यजमानांच्या दोऱ्याला निळ्या पाठीची मासोळी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी साठ-सत्तर माणसे काठावर होती, त्यांत मीही होते. अकराच्या सुमाराला यजमानांच्या काठीला मासा लागला. पाऊण तास झुंज चालली. मासा दोनदा वर आला आणि दोन्ही वेळा काठावर आरडाओरड झाली, कारण एवढा मासा आपल्या तळ्यात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिसऱ्यांदा तो होडीला येऊन लागला. भाऊजी जाळे घेऊन वाकले. आणि काठी एकदम सरळ झाली.

दोघे भाऊ होडीत खाली वाकून बसले. मला वाटले, दुःखाने बसले असतील. मग यजमान उठून उभे राहिले, काठाकडे तोंड करून दोन्ही हात वर केले आणि ओरडले, ‘बायकोची गाठ! सुटली!’

सगळा काठ हसला. माझ्या शेजारी उभी असलेली बाई हसता हसता माझ्याच खांद्याला धरून वाकली.

त्या दिवसापासून ‘बायकोची गाठ’ हा इथला शब्द झाला. सायकलची चेन निसटली, बायकोची गाठ. पावती हरवली, बस चुकली, ठरलेला सौदा फिसकटला, बायकोची गाठ. बँकेत काउंटरवरच्या पेनाची साखळी तुटली तेव्हा तिथला कारकून मलाच हसत म्हणाला, ‘बायकोची गाठ झाली बघा, मावशी.’ ती बायको कोण हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हते. शब्द एवढा रुळला की माणूस गळून पडला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी यजमानांना म्हटले, दोऱ्याचे टोक दाखवा. गाठ सुटली की नायलॉनचे टोक वळलेले राहते, पेन्सिलीला टोक करताना निघणाऱ्या सालासारखे. हे टोक सरळ होते, कापल्यासारखे.

‘हे सुटलेल्या गाठीचं टोक नाही,’ मी म्हटले.

‘आता तू मला शिकव,’ ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी गप्प बसले. इथेच माझे चुकले आणि त्याबद्दल मी स्वतःलाही यात काही देत नाही. त्यानंतर वर्षभर दर रविवारी मी एक गाठ मारून ती दाराच्या मुठीला अडकवायची आणि खाली पाण्याची बादली टांगायची. एक बादली, मग बादलीत दगड. एकही गाठ सुटली नाही. तरी पुढच्या रविवारी पुन्हा टांगायची. मी माझ्या बोटांवर संशय घेतला. नवऱ्यावर घ्यायला हवा होता, पण बोटे जवळ होती.

दोन महिन्यांत भाऊजींनी माझा पुठ्ठा उतरवला. त्या जागी स्नॅपच्या पाकिटांचा ट्रे आला आणि वर पाटी, ‘आता गाठीची भानगड नाही.’ उरलेल्या चव्वेचाळीस मासोळ्या त्यांनी खोक्यात घालून परत पाठवल्या. मी शेडला कुलूप लावले आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. चौदा वर्षे चष्म्याच्या काड्यांचे स्क्रू बसवले. स्क्रू सुटला म्हणून एकही चष्मा परत आला नाही. त्यावरून मात्र कोणी शब्द काढला नाही.

बारा वर्षांपूर्वी एका दुपारी मी शिडीवर चढून खिडकीच्या काचा पुसत होते. भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ, अंगणात येऊन उभी राहिली.

‘ताई, खाली या.’

‘बोल ना, ऐकू येतंय.’

‘शिडीवर ऐकण्यासारखं नाही. खाली या.’

मी उतरले. तिने हातातला रुमाल उघडला. आत एक स्नॅप होता, जबडा मोडल्यासारखा सरळ उघडलेला, आणि त्याला बोटभर दोरा.

‘त्या दिवशी ह्यांच्या पँटच्या खिशात निघाला,’ ती म्हणाली. ‘धुवायला घेतली तेव्हा. नवा माल आला होता. पहाटे दोघांनी मिळून तुमची गाठ कापली आणि हा लावला. मोठा मासा ह्याच्यावर आला असता तर दुकानाचं नाव झालं असतं.’

‘आणि उघडला तेव्हा?’

‘होडीतच दोऱ्यासकट कापला आणि खिशात टाकला.’

‘तुला हे कधीपासून माहीत?’

‘त्याच संध्याकाळपासून.’

‘एकोणीस वर्षं?’

‘हो, ताई.’

‘मग आजच का आलीस?’

तिने रुमालाची घडी घातली. ‘काल दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, छत्रीची काडी निसटली, बायकोची गाठ झाली. सगळे हसले. मीपण हसले, ताई. सवयीनं. मग मला माझीच शिसारी आली.’

मी तिला जायला सांगितले. ती गेल्यावर तो तुकडा उजेडात धरून पाहिला. स्नॅप उघडला होता, पण ज्या गाठीने तो दोऱ्याला बांधला होता ती गाठ जशीच्या तशी होती. पाच वेढे, नीट आवळलेले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच ती यजमानांना शिकवली होती. एवढ्या मोठ्या माशाने तार सरळ केली, पण गाठीला काही करता आले नाही.

संध्याकाळी यजमान रेडिओ ऐकत बसले होते. मी तो तुकडा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, नीट पाहिले आणि म्हणाले, ‘अजून आहे होय हा?’

एवढेच. मग ते म्हणाले, ‘अगं, तेव्हा दुकानाचा प्रश्न होता. त्याचं पोट होतं त्याच्यावर. तुझं काय, तुझी हौस होती.’

आठवड्याला तीस मासोळ्या, अकरा वर्षे. हौस.

त्यानंतर ते पाच वर्षे जगले. मी त्यांना वेळेवर जेवण दिले, औषधे दिली, शेवटच्या आजारात कूस बदलून दिली. कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही. पण त्यांच्यासाठी एकही गाठ मारली नाही. मनगट मोडले तेव्हा गळ्यातली झोळी शेजाऱ्यांनी बांधून दिली. बूट मी बिननाडीचे आणले. त्यांनी कारण विचारले नाही, म्हणजे त्यांना कळले होते.

मंडळाला मी अर्ज दिला की वाक्य दुरुस्त करा. लेखी उत्तर आले नाही. अध्यक्ष, जे यजमानांचे लहानपणापासूनचे दोस्त, ते मला भाजीच्या दुकानात भेटले.

‘वहिनी, इतिवृत्त एकदा वाचून कायम झालं की कायम. आणि इतक्या वर्षांनी एक मासा काय घेऊन बसलात?’

‘मासा तुम्ही घेऊन बसलात,’ मी म्हटले. ‘मी गाठ घेऊन बसले आहे.’

त्यांनी कांदे पिशवीत भरले आणि निघून गेले.

सात वर्षांपूर्वी यजमान वारले. मंडळाने शोकसभा घेतली. भाऊजी बोलायला उभे राहिले आणि दादा किती विनोदी होता हे सांगताना त्यांनी पुन्हा तीच गोष्ट रंगवून सांगितली, हात वर करण्यासकट. लोक डोळे पुसत हसले. तेव्हा मागच्या रांगेतून माझी जाऊ उठली. साडेचार फूट उंचीची बाई, आयुष्यात सभेत कधी बोलली नव्हती.

‘गाठ नव्हतीच,’ ती म्हणाली. ‘स्नॅप होता. ह्यांच्याच दुकानातला. मी स्वतः खिशातून काढलाय.’

अध्यक्ष घाईने म्हणाले, ‘वहिनींना दुःख अनावर झालंय, कोणीतरी पाणी द्या.’ पाणी आले. तिला तहान लागली होती, तिने ते सगळे प्यायले आणि ग्लास परत देऊन तेच वाक्य पुन्हा म्हटले. दुसऱ्यांदाही दुःखच अनावर झाले असे ठरले.

त्याच संध्याकाळी ती बॅग घेऊन माझ्या दारात आली. ‘दोन दिवस राहते, ताई.’ त्याला सात वर्षे झाली. तिच्या एकोणीस वर्षांच्या तोंड बंद ठेवण्याला मी माफी दिलेली नाही. आठवड्यातून एकदा मी तिला तसे सांगते. ती ‘हो, ताई’ म्हणते आणि भाजी निवडत राहते. पण त्या सभागृहात नव्वद माणसे होती आणि उठली ती एकटी.

कलम चौथे. भाऊजींना, चव्वेचाळीस मासोळ्या ज्या खोक्यातून परत आल्या तो खोका. रिकामा.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक मुलीची. त्यातून आधी शेडचे छप्पर करावे.

कलम सहावे. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर अध्यक्षांना बोलू देऊ नये. ते गेलेले असतील तर उत्तम.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, कोणाच्याही दडपणाशिवाय केले आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली. धाकट्या जाऊबाईंना यात वाटणी असल्याने साक्षीदार होता येत नाही. यावरून त्या सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत.

सही: मी.
साक्षीदार एक: दातांचे डॉक्टर.
साक्षीदार दोन: सेवानिवृत्त पोस्टमास्तरीणबाई.
ठिकाण: घरचे जेवणाचे टेबल. दिनांक आठ ऑक्टोबर.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला सहा दिवसांत पुरवणी जोडावी लागत आहे, कारण साक्षीदार क्रमांक एक मंडळाचे सभासद आहेत. त्यांनी तोंड बंद ठेवायचे कबूल केले होते. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाकडून मी जरा जास्तच अपेक्षा केली.

काल दुपारी चारला अध्यक्ष आले. काखेत इतिवृत्ताची जाडजूड वही. मागे भाऊजी, वय एक्याऐंशी, काठी टेकत. सात वर्षांत ते या घरात आले नव्हते. मी दोघांना टेबलाशी बसवले. जाऊ दारातच उभी राहिली.

‘वहिनी, मंडळानं तातडीची सभा घेतली,’ अध्यक्ष म्हणाले. ‘म्हटलं, तुमच्या हयातीतच होऊन जाऊ दे. तुम्हालाही बरं वाटेल.’

त्यांनी पान उघडले. जुन्या वाक्याखाली नव्या शाईत लिहिले होते, ‘सदर मासा जाण्याचे कारण आता निश्चित सांगता येत नाही.’

‘हे कोणी लिहिलं?’

‘सर्वानुमते ठरलं.’

‘मग बदकंच बरी,’ मी म्हटले आणि वही मिटली.

अध्यक्षांचा चेहरा पडला. भाऊजी तोंड न उचलता म्हणाले, ‘वहिनी, दादा गेला. आता त्याच्या नावाला कशाला...’

‘तुमच्या दादांचं नाव नका घालू. स्नॅपचं घाला. तुम्ही होडीत होतात भाऊजी, तुमच्या हातानं लिहा.’

‘आणि तो हशा?’ अध्यक्षांनी विचारले. ‘तोपण खोडायचा?’

‘तो आधी खोडा.’

अध्यक्षांनी खोडला. मग वही भाऊजींपुढे सरकवली. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. त्यांचे अक्षर मोठे आणि वाकडे झाले आहे, त्यांना तीन ओळी लागल्या. ‘मासा गेला तो स्नॅप उघडल्याने. पत्नीने मारलेली गाठ सकाळीच कापलेली होती. ती सुटलेली नाही. होडीत मी स्वतः हजर होतो.’ शेवटचे वाक्य मी सांगितले नव्हते. ते त्यांनी आपणहून लिहिले आणि खाली सही केली.

या सगळ्याला चार मिनिटे लागली. मी घड्याळाकडे पाहत होते. एकतीस वर्षे मला वाटत आले होते की हे वाक्य वाचल्यावर काहीतरी मोठे होईल. मी ते तीनदा वाचले. मला फक्त एवढाच राग आला की हे चार मिनिटांचे काम होते.

भाऊजींनी पेनाचे टोपण लावले आणि दाराकडे पाहिले. ‘झालं ना आता?’ ते बायकोला म्हणाले. ‘बॅग भर. चल घरी.’

जाऊने त्यांच्याकडे नीट पाहिले. ओरडायची तर मी तिला अडवणार नव्हते. पण ती पदर खोचत म्हणाली, ‘बसा. चहा टाकते. पिऊन जा.’

चहा आला. भाऊजींनी तो पाहुण्यासारखा प्यायला, कप बशीत ठेवला, ‘येतो’ म्हणाले आणि काठी शोधू लागले. ती त्यांना तिनेच हातात दिली. फाटकापर्यंत गेली, खडकाची पायरी सांभाळा म्हणाली, आणि परत येऊन कप विसळले.

म्हणून पुढील दुरुस्त्या. कलम तीनमधली अट पुरी झाली आहे. पट्टी मंडळाला मिळावी. बदकवाल्या बाईंची निराशा झाली आहे, त्यांची मी क्षमा मागते. कलम चारमधला खोका देऊ नये. त्याऐवजी भाऊजींना काहीच देऊ नये. त्यांनी ते शेवटचे वाक्य लिहिले नसते तर खोका दिला असता.

आणि एक नवे कलम. माझी जाऊ चौसष्टाव्या वर्षी गळ टाकायला शिकली. रोज सकाळी ती पट्टीवर उभी राहते आणि बहुतेक रोज रिकाम्या हाताने येते. तिची बोटे सांध्यांत धरली आहेत, गाठ मारता येत नाही. ती मी मारून देते, मग ती घाईघाईने फेकते, मासोळी खडकात अडकवते, दोरा तोडते आणि परत येते, ‘ताई, अजून एक.’ काल फाटकावरून आल्यावर ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही नसाल तेव्हा मी काय करू?’ मी म्हटले, मासे सुटकेचा निःश्वास टाकतील. ती हसली नाही.

मी तीस मासोळ्या दोऱ्यासकट बांधून, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नुसता अडकवता येईल असा फास ठेवून, अंधारात राहतील अशा, कपाटात ठेवत आहे. त्याहून जास्त बांधण्यात अर्थ नाही, कारण नायलॉन दोन वर्षांत कडक होतो आणि त्याला माझा इलाज नाही. त्या तीस संपल्या की तिने स्नॅप वापरावा. हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. स्नॅप चांगला घ्यावा, दाबून पाहून घ्यावा, आणि भाऊजींच्या दुकानातून घेऊ नये. दोऱ्याला तो मुलीने बांधून द्यावा आणि त्यासाठी वर्षातून दोनदापेक्षा जास्त यावे. तिला ती गाठ येते.

सही: मी.
साक्षीदार एक: तेच दातांचे डॉक्टर, मान खाली घालून.
साक्षीदार दोन: पोस्टमास्तरीणबाई.
ठिकाण: तेच. दिनांक चौदा ऑक्टोबर.